कॉसवर्थ डीएफव्ही : एका इंजिनाच्या वर्चस्वाची मीमांसा

यंत्राच्या यशाची कारणे यंत्राच्या रचनेतच शोधावयाची, ही सवय इतिहास लिहिणारांनाही असते. मोटारशर्यतींच्या इतिहासात ‘डीएफव्ही’ या नावाने प्रसिद्ध असलेल्या इंजिनाच्या बाबतीत ही सवय विशेष दृढ झालेली दिसते. ४ जून १९६७ रोजी नेदरलँड्समधील झांडफोर्ट येथे हे इंजिन प्रथम शर्यतीत उतरले आणि त्याच दिवशी जिंकले. ५ जून १९८३ रोजी अमेरिकेतील डेट्रॉइट येथे त्याच्या कुळाला फॉर्म्युला वन शर्यतींतील अखेरचा विजय मिळाला. या सोळा वर्षे व एक दिवस एवढ्या अवधीत जागतिक अजिंक्यपदाच्या १५५ शर्यती, चालकांची १२ आणि गाडी बांधणाऱ्यांची १० अजिंक्यपदे त्याच्या खात्यावर जमा झाली. एवढे यश का, असे विचारले असता बहुतेक ग्रंथांतून मिळणारे उत्तर असे की, ते इंजिन उत्तम होते.

हे उत्तर चूक नाही, परंतु अपुरे आहे. उत्तम इंजिने पूर्वीही झाली होती, पण ती ज्या संघाची त्याच्याजवळच राहिली आणि त्या संघाबरोबरच मावळली. डीएफव्हीचे वैशिष्ट्य असे की, पहिल्या वर्षानंतर ते पैसे मोजणाऱ्या कोणाही स्पर्धकास विकत मिळू लागले. या दुसऱ्या कारणाची छाननी केल्याशिवाय वरील १५५ या आकड्याचा अर्थ काय लावावयाचा हेच ठरविता येत नाही.

प्रथम नावाविषयी थोडे लिहिणे आवश्यक आहे, कारण या विषयात नावांनी बराच घोटाळा केला आहे. कॉसवर्थ हे कोणा गावाचे वा घराण्याचे नाव नव्हे. माइक कॉस्टिन व कीथ डकवर्थ या दोन अभियंत्यांनी १९५८ मध्ये आपली संस्था काढली, तेव्हा एकाच्या आडनावाचा आरंभ व दुसऱ्याच्या आडनावाचा शेवट जोडून त्यांनी ते घडविले. मराठी समासात दोन्ही पदे बहुधा शाबूत राहतात; त्यामुळे आपल्या कानाला हे नाव अखंड वाटते आणि त्यामागील दोन माणसे दिसत नाहीत. डीएफव्ही ही अक्षरे ‘डबल फोर व्हॉल्व्ह’ या शब्दांची आहेत. त्याच्या आधी कॉसवर्थने ‘एफव्हीए’ नावाचे चार सिलिंडरांचे, १६०० घन सेंटिमीटरचे इंजिन केले होते. दर सिलिंडरला चार झडपा, म्हणून ‘फोर व्हॉल्व्ह’. त्याच्या दुप्पट ते ‘डबल’. या नावामुळे, दोन एफव्हीए एकास एक जोडून डीएफव्ही तयार झाले, असा समज पसरला. वस्तुस्थिती तशी नाही. एफव्हीएचा पाया फोर्डच्या कॉर्टिना या सामान्य प्रवासी गाडीच्या ओतीव लोखंडी ठोकळ्याचा होता. डीएफव्हीचा ठोकळा अ‍ॅल्युमिनियमच्या मिश्रधातूचा व सर्वस्वी नवा होता. वंशपरंपरेने आली ती सिलिंडरच्या माथ्याची कल्पना, आणि तीही सुधारून. इंजिनाच्या झाकणावर अक्षरे होती ती मात्र फोर्डची. त्यामुळे निकालांच्या नोंदींत ‘फोर्ड’, ‘कॉसवर्थ’ व ‘फोर्ड-कॉसवर्थ’ अशी तिन्ही नावे आढळतात आणि कर्तृत्वाचा वाटा वाचकाने आपल्या कलाप्रमाणे ठरवावा, अशी स्थिती होते.

आता मूळ प्रसंगाकडे वळू. १९६१ पासून फॉर्म्युला वन गाड्यांच्या इंजिनास दीड लिटरची मर्यादा होती. १ जानेवारी १९६६ पासून ती तीन लिटर करण्यात आली. दाबाने हवा भरणाऱ्या इंजिनांना मात्र दीड लिटरचीच मुभा राहिली. या उपकलमाकडे त्या काळी कोणी फारसे लक्ष दिले नाही. त्याची आठवण पुढे ठेवावी. त्यावेळी इंग्लंडमधील लहान संघ बहुतांशी कॉव्हेंट्री क्लायमॅक्स या कारखान्याच्या इंजिनांवर अवलंबून होते. आग विझविण्याच्या पंपासाठी केलेल्या हलक्या इंजिनापासून या कारखान्याने शर्यतींच्या जगात प्रवेश केला होता. त्याने १९६५ मध्ये जाहीर केले की, तीन लिटरचे इंजिन आपण करणार नाही. इटलीत फेरारी व इंग्लंडात बीआरएम यांची स्वतःची इंजिने होती. इतरांपुढे मात्र प्रश्न उभा राहिला.

लोटस संघाचा प्रमुख कॉलिन चॅपमन याने डकवर्थकडे धाव घेतली. डकवर्थ पूर्वी लोटसमध्येच गिअरपेटीच्या कामावर होता व चॅपमनशी मतभेद होऊन बाहेर पडला होता. कॉस्टिन तर १९६२ पर्यंत लोटसच्याच नोकरीत होता. इंजिन करता येईल, खर्च एक लाख पौंड, असा अंदाज निघाला. ही रक्कम अखेर फोर्डच्या ब्रिटिश शाखेने दिली. तिचा प्रसिद्धिप्रमुख वॉल्टर हेझ हा मूळचा वृत्तपत्राचा संपादक. त्याने व अभियांत्रिकी विभागाचा प्रमुख हार्ली कॉप याने मिळून वरिष्ठांची मान्यता मिळविली. हा पैसा अभियंत्यांच्या विनंतीइतकाच प्रसिद्धिखात्याच्या हिशेबातून आला, ही बाब पुढील घडामोडी समजण्यास फार महत्त्वाची आहे. एका मोठ्या मोटारकंपनीच्या दृष्टीने एक लाख पौंड ही रक्कम किरकोळ होती. तिच्या मोबदल्यात किती वर्षांचे नाव मिळाले हे पाहता जाहिरातीच्या इतिहासात इतका स्वस्त सौदा क्वचितच झाला असेल.

डकवर्थने नवे इंजिन रेखाटले ते बव्हंशी घरी, एकांतात बसून. आठ सिलिंडर, चार-चारांच्या दोन ओळी, त्यांत ९० अंशांचा कोन, एकूण आकारमान २९९३ घन सेंटिमीटर. आरंभीची शक्ती मिनिटास ९००० फेऱ्यांना सुमारे ४०८ अश्वशक्ती व वजन सुमारे १६८ किलोग्रॅम. त्या काळी बारा किंवा सोळा सिलिंडरांची इंजिने बांधण्याकडे ओढा होता; सिलिंडर अधिक तितके फेरे अधिक व तितकी शक्ती अधिक, असा तो सरळ हिशेब. बीआरएमचे सोळा सिलिंडरांचे इंजिन याच हिशेबाने झाले आणि वजनाखाली व गुंतागुंतीखाली दबले. डकवर्थने आठ सिलिंडरांवर भागविले आणि लक्ष दिले ते ज्वलनावर. आत घेणाऱ्या व बाहेर सोडणाऱ्या झडपांमधील कोन त्याने ३२ अंशांपर्यंत आणला. पूर्वीच्या शर्यतींच्या इंजिनांत हा कोन पुष्कळ मोठा असे. त्यामुळे ज्वलनकक्ष खोल घुमटासारखा होई आणि दाब साधण्यासाठी पिस्टनचा माथाही फुगीर करावा लागे. जळणाऱ्या वायूला मग संत्र्याच्या सालीसारखी पातळ, वेडीवाकडी जागा उरे. कोन लहान केल्यावर कक्ष उथळ झाला, पिस्टन जवळजवळ सपाट राहिला, आणि ज्योत लवकर व सारखी पसरू लागली. चार झडपा पूर्वीही होत्या. हा उथळ कक्ष मात्र डकवर्थच्या विचाराचे फळ म्हणावे लागेल. आज रस्त्यावरील सामान्य गाड्यांच्या इंजिनांतही हीच मांडणी रूढ झालेली आहे.

दुसरी गोष्ट बांधणीची. लोटस ४९ या गाडीचा पत्र्याचा सांगाडा चालकाच्या पाठीमागे संपत असे. तेथून मागे गाडी म्हणजे इंजिनच. ते चार ठिकाणी बोल्टांनी सांगाड्यास जखडलेले आणि मागच्या चाकांचे सारे आधार इंजिनाला व गिअरपेटीला लावलेले. वरच्या दोन जोडांसाठी पातळ पट्ट्या वापरल्या होत्या. इंजिन तापून वाढले की त्या किंचित लवत व सांगाड्यावर ताण येत नसे. इंजिनाला सांगाड्याचा भाग करण्याची कल्पना सर्वस्वी नवी नव्हती. बीआरएमच्या सोळा सिलिंडरांच्या इंजिनातही ती होती. येथे ती हलक्या व आटोपशीर यंत्रात उतरली. पुढे याचा एक अनपेक्षित परिणाम झाला. नवा संघ काढणाराला इंजिन विकत मिळाले की गाडीचा मागचा अर्धा भाग जवळजवळ मिळाल्यासारखाच होई. मेडनहेड येथील ह्यूलंड कारखान्याची गिअरपेटी घेतली की उरे तो पुढचा पत्र्याचा डबा, चाकांचे आधार आणि चालक.

झांडफोर्टच्या पहिल्या शर्यतीत ग्रॅहम हिलने पहिली जागा मिळविली, पण अकराव्या फेरीत कॅमशाफ्ट फिरविणाऱ्या दातेरी चाकांचे दात तुटून तो बाद झाला. जिम क्लार्क आठव्या जागेवरून निघून जिंकला. विजयाच्या वर्णनात हिलचे तुटलेले दात सहसा विसरले जातात. वस्तुतः हे दुखणे कित्येक वर्षे पुरले. फिरत्या भागांतून उठणारे कंपन त्या चाकांना सहन होत नसे. अखेर डकवर्थने एका चाकाच्या तुंब्यात बारीक पिळदार दांड्यांचे कडे बसविले. त्या किंचित पीळ घेऊन धक्का शोषीत. १९६७ च्या हंगामात लोटसने चार शर्यती जिंकल्या, तरी अजिंक्यपद गेले ते ब्रॅबम-रेपको गाडीच्या डेनी हल्मकडे. जन्मतः परिपूर्ण यंत्राची जी कथा रूढ आहे, तिला हा पहिला हंगाम आधार देत नाही.

निर्णायक घटना या हंगामानंतर घडली. हेझच्या ध्यानात आले की, लोटसपुढे टिकेल असा प्रतिस्पर्धी उरणार नाही, आणि प्रतिस्पर्ध्यावाचून मिळालेल्या विजयाला बातमी म्हणून किंमत नाही. त्याने इंजिन इतरांस विकण्याचा आग्रह धरला व चॅपमनने, मनातून काहीही वाटो, संमती दिली. एका इंजिनाची किंमत ७,५०० पौंड ठरली. १९६८ मध्ये मॅक्लारेनने, तसेच केन टिरेलने चालविलेल्या मात्रा संघाने ते घेतले. ७ एप्रिल १९६८ रोजी जिम क्लार्क जर्मनीतील हॉकेनहाइम येथे दुसऱ्या दर्जाच्या शर्यतीत मृत्यू पावला. ज्या मक्तेदारीची हेझला भीती होती तिचा मुख्य पुरुषच गेला. त्यानंतर जूनमध्ये बेल्जियममधील स्पा येथे ब्रूस मॅक्लारेन स्वतःच्या नावाच्या गाडीतून जिंकला. जागतिक अजिंक्यपदाच्या शर्यतींत लोटसव्यतिरिक्त अन्य गाडीतील डीएफव्हीचा हा पहिला विजय होय. एका संपादकाच्या बातमीविषयक जाणिवेने यंत्रविद्येच्या इतिहासाला वळण दिल्याचे असे उदाहरण प्रस्तुत लेखकास दुसरे आठवत नाही.

१९६९ मध्ये जागतिक अजिंक्यपदाच्या अकराही शर्यती या इंजिनाने जिंकल्या. १९७३ मध्ये पंधराही. आकडे दिपवून टाकणारे आहेत, पण ते फोडून पाहावेत. १९६९ चे अकरा विजय मात्रा ६, लोटस २, ब्रॅबम २ व मॅक्लारेन १ असे वाटले गेले. १९७३ चे पंधरा विजय लोटस ७, टिरेल ५ व मॅक्लारेन ३ असे. म्हणजे इंजिनाचे वर्चस्व जितके पूर्ण झाले, तितके इंजिन हे जयापजयाचे कारण म्हणून नाहीसे झाले. सर्वांच्याजवळ एकच इंजिन असल्यावर फरक पडू लागला तो गाडीच्या बांधणीने, टायरने, चालकाने आणि संघाच्या शिस्तीने. एकच प्रमाणभाषा लिहिणाऱ्या दोन लेखकांचे श्रेष्ठत्व भाषेवरून ठरविता येत नाही, तशातलाच हा प्रकार.

यावरून १५५ या आकड्याविषयी एक शंका रास्त ठरते. रांगेतील बहुतेक गाड्यांत एकच इंजिन असेल तर जिंकणारे इंजिन बहुधा तेच असणार. मग हे गुणाचे वर्चस्व की संख्येचे? १९६९ पुरते उत्तर गुणाच्या बाजूने द्यावे लागते, कारण ज्यांना निवडीचे स्वातंत्र्य होते त्यांनीही स्वतःचे इंजिन बाजूला ठेवून हे घेतले. मात्राजवळ स्वतःचे बारा सिलिंडरांचे इंजिन होते. पुढील दशकाचे उत्तर तितके सरळ नाही. १९७५, १९७७ व १९७९ मध्ये फेरारीने आपल्या आडव्या बारा सिलिंडरांच्या इंजिनावर चालकांचे अजिंक्यपद जिंकले, तेही डीएफव्हीच्या मोठ्या जमावासमोर. शक्तीत फेरारी पुढे होती. हा जमाव टिकून राहिला तो वजन, इंधन व किंमत यांच्या बळावर. एन्झो फेरारी या इंग्रज संघांना तुच्छतेने गॅरेजवाले म्हणत असे. शब्द झोंबरा असला तरी वर्णन यथार्थ आहे. त्या गॅरेजांतूनच टिरेल, मार्च, हेस्केथ, शॅडो, वुल्फ हे संघ निघाले, आणि दुसऱ्याची गाडी घेऊन १९६९ मध्ये आरंभ करणारा फ्रँक विल्यम्स १९८० मध्ये अजिंक्यपदापर्यंत पोहोचला. या विक्रीचा कॉसवर्थलाही एक लाभ झाला असावा. इतक्या संघांकडील इंजिने मोडत व त्यांचे दोष नॉर्दम्प्टनच्या त्याच कारखान्यात कळत. एका संघाच्या दोन गाड्यांपासून हा अनुभव मिळाला नसता.

दशकाच्या उत्तरार्धात या जुन्या इंजिनास एक आकस्मिक जीवदान मिळाले. लोटसने १९७७ व १९७८ मध्ये गाडीच्या दोन्ही बाजूंच्या तळाशी हवेचे बोगदे काढून तिला जमिनीकडे ओढून धरण्याची युक्ती सिद्ध केली. डीएफव्हीचे सिलिंडर वर पसरत व खाली निमुळते होत. त्यामुळे बोगद्यांना जागा मिळाली. फेरारीचे आडवे इंजिन नेमके तेथेच पसरलेले होते. १९७८ चे अजिंक्यपद लोटसकडे गेले. डकवर्थने १९६६ मध्ये ९० अंशांचा कोन निवडला तेव्हा हे त्याच्या स्वप्नातही नसणार.

शेवट झाला तो आधी उल्लेखिलेल्या उपकलमाने. दीड लिटरचे, टर्बो लावलेले इंजिन रेनोने १९७७ मध्ये आणले. ते वारंवार धूर सोडीत थांबे व त्याची थट्टा होई. १९७९ मध्ये ते दिजाँ येथे जिंकले. १९८३ पर्यंत टर्बो इंजिने सहाशे अश्वशक्तीच्या पुढे गेली, तर डीएफव्ही सर्व सुधारणांनंतर पाचशेच्या थोडे वर होते. त्या वर्षीचे चालकांचे अजिंक्यपद बीएमडब्ल्यूच्या टर्बोने मिळविले. डकवर्थचा टर्बोला तात्त्विक विरोध होता. निकास वायूवर चालणारी टर्बाइन हे त्याच्या मते दुसरे शक्तियंत्रच होते. बंधन घालावयाचे तर इंजिनात जाणाऱ्या इंधनाच्या प्रवाहावर घालावे, असे तो मांडत असे. फॉर्म्युला वनमध्ये तसा नियम २०१४ मध्ये आला, त्याच्या मृत्यूनंतर सुमारे आठ वर्षांनी. यातील विनोद असा की, डीएफव्हीलाच टर्बो जोडून अमेरिकेत ‘डीएफएक्स’ हे २.६५ लिटरचे इंजिन तयार झाले आणि त्याने १९७८ ते १९८७ अशी सलग दहा वर्षे इंडियानापोलिसची ५०० मैलांची शर्यत जिंकली.

नव्या टर्बो इंजिनांबरोबर विक्रीची जुनी पद्धतही गेली. मोटारकंपन्या आपली इंजिने निवडक संघांना कराराने देऊ लागल्या. किंमत मोजून दारात घेऊन जावे असे इंजिन उरले नाही. टिरेलला रेनोचे टर्बो इंजिन मिळाले ते १९८५ च्या मध्यास, व प्रथम एकाच गाडीपुरते. दुसऱ्या गाडीत डीएफव्हीच्या कुळातील तीन लिटरचे इंजिन राहिले. त्या वर्षी ऑस्ट्रियातील शर्यतीसाठी मार्टिन ब्रंडलने ती गाडी बाहेर काढली, परंतु पात्रता फेरीतून ती पुढे जाऊ शकली नाही.