पनीर परके, मग 'क्षीरप्रकार' कोणाचे? कल्याणीच्या राजग्रंथातील फाडलेल्या दुधाची कथा

१/ नांदेड-लातूरकडच्या लग्नाच्या पंगतीत पनीरची भाजी आली की एखादे वडीलधारे माणूस हमखास म्हणते, "हे आपल्याकडचे नव्हे." शब्दापुरते ते खरे आहे, कारण 'पनीर' हा शब्द फारसी आहे. कृतीचा इतिहास मात्र निराळा आहे. दुधात आंबट घालून त्याचा गोळा करण्याची रीत याच मुलखावर राज्य करणाऱ्या एका राजाच्या ग्रंथात सुमारे ९०० वर्षांपूर्वी नोंदली गेली.

२/ निलंग्याच्या आग्नेयेस, आजच्या राज्यसीमेपलीकडे बीदर जिल्ह्यात बसवकल्याण आहे. हीच उत्तरकालीन चालुक्यांची राजधानी कल्याणी. नांदेड व लातूर हे जिल्हे त्या काळी या सत्तेच्या ऐन अंगणात होते. देगलूर तालुक्यातील होट्टलची मंदिरे त्या राजवटीची साक्ष आजही देतात.

३/ या घराण्यातील तिसरा सोमेश्वर १२व्या शतकाच्या पूर्वार्धात राज्य करीत होता. त्याच्या नावावरील 'मानसोल्लास' अथवा 'अभिलषितार्थचिंतामणि' हा संस्कृत ग्रंथ शके १०५१, म्हणजे इ. स. ११२९च्या सुमाराचा. पाच विंशती, प्रत्येकीत २० अध्याय, एकूण १००. राजनीती, हत्ती, रत्ने, संगीत, चित्रकला आणि स्वयंपाकही!

४/ तिसऱ्या विंशतीतील 'अन्नभोग' या प्रकरणात राजाच्या ताटातील पदार्थ येतात. त्यांत 'क्षीरप्रकार' आहे. तापवलेल्या दुधात आंबट घालून ते फाडायचे, फडक्यातून गाळून पाणी काढायचे, उरलेल्या गोळ्यात तांदळाचे पीठ मिसळून आकार द्यायचे, तुपात तळायचे आणि साखरेने गोड करायचे. आजच्या छेन्याच्या मिठाईचा हा पूर्वज म्हणता येईल.

५/ या कृतीमागील विज्ञान साधे आहे. गाईच्या दुधातील सुमारे ८० टक्के प्रथिन केसीन असते. त्याचे सूक्ष्म कण ऋण विद्युत्भारामुळे एकमेकांना दूर ठेवतात, म्हणून दूध एकजीव राहते. आम्ल पडले की तो भार मावळतो आणि कण एकमेकांना चिकटतात. घट्ट भाग वेगळा होतो, हिरवट पिवळी निवळी वर राहते. युरोपातील अनेक चीजना वासराच्या जठरातील रेनेट लागते. येथे आंबट ताकावर काम भागते.

६/ आता वादाचा मुद्दा. खाद्य-इतिहासकार के. टी. अचया यांनी असे मांडले की, दूध मुद्दाम फाडण्याविषयी आर्य परंपरेत निषेध होता आणि बंगालमध्ये पोर्तुगीजांच्या संपर्काने तो सैल झाला. बंगालच्या छेन्यापुरते हे मत काहीही असो, दख्खनला ते जसेच्या तसे लावता येत नाही. पोर्तुगीज भारतात आले १४९८ साली. 'मानसोल्लास' त्याआधी साडेतीन शतकांहून जुना आहे.

७/ याहून जुनी साक्ष आयुर्वेदाची. चरकसंहितेत दुधाच्या पदार्थांमध्ये पीयूष, मोरट आणि किलाट ही नावे एकत्र येतात. ते पचायला जड, पण ज्यांचा अग्नी प्रदीप्त आहे आणि ज्यांना झोप येत नाही त्यांना हितकर, असे मत तेथे आहे. १६व्या शतकातील 'भावप्रकाश' तर 'तक्रपिंड' सांगतो: दह्याने वा ताकाने फाडलेले, फडक्यात बांधून पाणी काढलेले दूध. निषिद्ध वस्तूचे गुणधर्म वैद्य इतक्या शांतपणे नोंदवत नाहीत.

८/ त्या यादीतील पीयूष म्हणजे नुकत्याच व्यालेल्या गाईचा चीक. त्याचा खरवस मराठवाड्याच्या घरोघरी आजही होतो. म्हणजे घट्ट दुधाचे वावडे येथे कधीच नव्हते. मग प्रश्न उरतो: राजाच्या ताटातला 'क्षीरप्रकार' शेतकऱ्याच्या चुलीवर का रुजला नाही?

९/ उत्तराचा एक धागा गोठ्यात आहे. या भागाची जनावरे म्हणजे कंधारची लाल कंधारी आणि देवणीची देवणी. लाल कंधारी मुख्यतः कष्टाची, दूध बेताचे. देवणी दूध आणि काम अशा दोन्हींसाठी नावाजलेली. कोरडवाहू काळ्या जमिनीत घराचा पहिला आधार बैल होता. वासराचे पोट भरल्यावर जे दूध उरेल ते घराचे.

१०/ दुसरा धागा हिशोबाचा. दूध फाडले की बहुतेक स्निग्धांश त्या गोळ्यातच अडकतो आणि गोळा दोन दिवसांत खराब होतो. तेच दूध विरजले तर दही, दह्यातून लोणी, लोण्यातून तूप. तूप महिनोन्‌महिने टिकते, बाजारात विकता येते. शिवाय मागे ताक उरते. एकाच दुधातून रोख पैसा आणि रोजचे कोरड्यास, दोन्ही साधते.

११/ ताकाचे मोल पैशांत मोजले जात नसे. गावात ताक विकणे कमीपणाचे मानत. ज्याच्या घरी दुभते, त्याच्या दारी शेजारी तांब्या घेऊन येत. सगळे दूध फाडले असते तर घरचे तूप गेले असते आणि शेजाऱ्याचे ताकही. कोरडवाहू गावात ही किंमत फार मोठी होती. म्हणून दूध फाडणे हा ज्याच्या घरी दुधाला तोटा नाही त्याचाच शौक ठरला.

१२/ दूध टिकवण्याची दुसरी वाट आटवण्याची. बालाघाटच्या डोंगरपट्ट्यातील भूम, कुंथलगिरी परिसराच्या खव्याच्या भट्ट्या प्रसिद्ध आहेत. बाजार दूर, दूध नासणारे. ते आटवले की वजन घटते आणि प्रवासाला टिकते. येथे आम्लापेक्षा आचेवर भिस्त राहिली.

१३/ पुढे बहमनी सत्ता आली. उदगीर, औसा, कंधारचे किल्ले बीदरच्या दरबाराशी जोडले गेले. दरबारात इराणी अमीर होते. वजीर महमूद गावान स्वतः गिलानचा. इराणमध्ये ताजे पनीर, रोटी आणि हिरवा पाला ही नित्याची न्याहारी. दख्खनी भाषांत फारसी शब्दांचा ओघ याच काळात वाढला. पण नवा शब्द आला म्हणजे कृतीही तेव्हाच आली, असे मानणे इतिहासात फसवे ठरते.

१४/ पनीर सर्वसामान्यांच्या ताटात आले ते २०व्या शतकाच्या उत्तरार्धात. १९७० साली दुग्धमहापूर योजना सुरू झाली, संकरित गाई आल्या, शीतगृहे आली, हॉटेले वाढली. दूध तुपासाठी राखून ठेवण्याची सक्ती सैल झाली. जुना अडथळा मनातल्या निषेधापेक्षा दुधाच्या तुटवड्याचा होता, हे यावरून दिसते.

१५/ ही कृती घरी करून पाहता येते. एक लिटर गाईचे दूध उकळून आच बंद करावी. दोन मिनिटांनी आंबट ताक थोडे थोडे घालीत हलके ढवळावे. निवळी स्वच्छ दिसताच थांबावे, जास्त आंबट पडले की गोळा चरबरीत होतो. सुती फडक्यात गाळून पंधरा-वीस मिनिटे टांगावे. वर वजन ठेवू नये, म्हणजे मऊपणा राहतो. साधारण १५० ते २०० ग्रॅम गोळा मिळतो.

१६/ कोमट असतानाच मीठ, भरडलेले जिरे, बारीक चिरलेली कोथिंबीर, ओव्याची दोन पाने, हिरवी मिरची आणि ठेचलेली लसणाची पाकळी मिसळावी. ज्वारीच्या गरम भाकरीबरोबर त्याच दिवशी खावे. निवळी फेकू नये, आमटीत किंवा पीठ भिजवायला ती उत्तम. ही चव राजग्रंथातील गोड पदार्थाची नव्हे. दूध फाडण्याची रीत मात्र तीच.

१७/ 'मानसोल्लास' बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत गजानन श्रीगोंदेकर यांच्या संपादनातून छापला गेला, म्हणून ही नोंद आज वाचता येते. पण सोमेश्वराच्या मुदपाकखान्यात ते फडके पिळणाऱ्या हातांचे नाव त्यात नाही. ज्या घरांनी दूध विरजून तूप विकले आणि ताक वाटले, त्यांची पाककृती तर कोणी लिहिलीच नाही.

१८/ म्हणून "हे आपले की परके?" हा प्रश्न अपुरा आहे. ते कोणाला परवडत होते आणि कोणाचे लिहून ठेवले गेले, हेही विचारावे लागते. दूध फाडण्याची विद्या या मातीत होती. सर्वसामान्यांच्या ताटात यायला तिला कित्येक शतके लागली, कारण तोवर गावाला तूप आणि ताक अधिक गरजेचे होते.