पवनविजेचा ग्रिडमधील समावेश

वाऱ्याच्या लहरीप्रमाणे येणारी वीज आणि क्षणोक्षणी बदलणारी मागणी यांचा मेळ घालण्याची व्यवस्था. भारतीय ग्रिडची वारंवारता ५० हर्ट्झ. वीज मागणीला कमी पडली की जनित्रे मंदावतात व वारंवारता उतरते, जादा झाली की चढते. ती ४९.९० ते ५०.०५ एवढ्या अरुंद पट्ट्यात राखायची असते.

वाऱ्यातली शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात बदलते, आणि अर्धी डोकेदुखी या घनातच आहे. वेग सेकंदाला ८ मीटरवरून ६ वर आला तर पठारावर उभ्या माणसाला फारसे काही जाणवत नाही. पवनचक्कीची वीज मात्र निम्म्याहून खाली येते. उलट, वारा साधारण २५ मीटरच्या पुढे गेला की यंत्र सांभाळण्यासाठी पाती वळवून ते थांबवावे लागते, म्हणजे ऐन वादळात उत्पादन शून्य. शेकडो चक्क्यांच्या बेरजेत हे झटके बरेच निवळतात; साताऱ्याचे पठार आणि धुळे जिल्ह्यातील ब्राह्मणवेल इथला वारा एकाच मिनिटाला पडत नाही. ३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर–सोलापूर वाहिनीने दक्षिण ग्रिड देशाच्या ग्रिडला जोडले गेल्यावर ही बेरीज आणखी मोठी झाली. ऋतूचा चढउतार मात्र बेरजेने जात नाही: महाराष्ट्रात पवनविजेचा मोठा वाटा जून ते सप्टेंबर या काळातच येतो, नेमका शेतीपंप बंद असताना.

दिवसाचे १५ मिनिटांचे ९६ भाग पाडून प्रत्येक भागात किती वीज येणार याचा अंदाज भारप्रेषण केंद्राला आधी कळवावा लागतो. अंदाज ठरलेल्या मर्यादेपलीकडे चुकला तर आकार भरावा लागतो. महाराष्ट्रात यासाठी २०१८ पासून स्वतंत्र विनियम आहेत. पवनविजेला प्राधान्य असल्याने ती वाढली की कोळशाचे संच खाली आणायचे. पण कोळशाचा संच म्हणजे गॅसची शेगडी नव्हे. त्याचा भार साधारण ५५ टक्क्यांपर्यंत उतरवता येतो. त्याखाली ज्योत स्थिर ठेवणे अवघड, आणि एकदा थंड पडलेला संच पुन्हा चालू करायला कित्येक तास जातात.

वाऱ्याच्या चंचलतेइतकेच महत्त्व यंत्राच्या स्वभावाला आहे. २८ सप्टेंबर २०१६ रोजी ऑस्ट्रेलियाच्या दक्षिण ऑस्ट्रेलिया राज्यात वादळाने वाहिन्यांचे मनोरे पाडले. व्होल्टेज एकामागून एक गचके खात असताना, ठरावीक संख्येपेक्षा जास्त गचके बसताच सुटायचे अशी मांडणी असलेल्या पवनचक्क्यांनी सात सेकंदांच्या आत ४५६ मेगावॅट वीज कमी केली. शेजारच्या राज्याशी जोडणारी वाहिनी त्या ओझ्याने तुटली आणि राज्य अंधारात गेले. वारा तर तेव्हा भरपूर होता. बिघाड एका मांडणीत होता, पण दोष कित्येक दिवस वाऱ्यालाच दिला जात होता.

महाराष्ट्रात समतोलाचे सर्वांत हाताशी असलेले साधन म्हणजे कोयना जलविद्युत प्रकल्प. पाटण तालुक्यातील पवनचक्क्यांचे वनकुसवडे पठार कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयाच्या माथ्यावरच आहे. आषाढात तिथे धुके इतके दाट असते की मनोऱ्याच्या पायथ्याशी उभे राहूनही पाती दिसत नाहीत, नुसती घरघर ऐकू येते. खाली तोच पाऊस धरण भरत असतो. कोयनेची क्षमता १,९६० मेगावॅट आणि संच काही मिनिटांत भार घेतात. मात्र वीजनिर्मितीसाठी पश्चिमेकडे वळवायच्या पाण्यावर पाणीवाटप लवादाने वर्षाला ६७.५ टीएमसीची मर्यादा घातली आहे. त्यामुळे जुलैत वारा चालू असताना कोयना थांबवली, की वाचलेले पाणी एप्रिल-मेच्या संध्याकाळी कामी येते. वाऱ्याची साठवण ही अशी धरणात होते, बॅटरी न घेता.

पण कोयना थांबवता येते, त्याहून खाली नेता येत नाही. पावसाळी रात्री मागणी उतरलेली, कोळसा तळाला टेकलेला आणि वारा जोरात, अशा वेळी जादा वीज रिचवायला उदंचन केंद्र लागते. घाटघर उदंचन केंद्राचे प्रत्येकी १२५ मेगावॅटचे दोन संच कमी मागणीच्या तासांत खालचे पाणी वरच्या तलावात चढवतात व गरजेच्या वेळी तेच खाली सोडून वीज देतात. चढवताना खर्चलेल्या विजेतली साधारण पाव वाट्याची वीज परत मिळत नाही.