रक्ताच्या कॅन्सरवरची ‘इमॅटिनिब’ गोळी : बरं वाटलं म्हणून बंद करू नका, घेताना काय काळजी घ्यावी, वाचा सविस्तर

रक्ताचा कॅन्सर म्हटलं की सलाईन आणि मोठ्या शहरातला मुक्काम डोळ्यांसमोर येतो. मात्र ‘क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया’ म्हणजेच सीएमएल या प्रकारात बहुतेक रुग्णांचा उपचार घरीच, रोजच्या गोळीवर चालतो. त्यामुळे गोळी नियमित आणि नीट घेण्याची जबाबदारी रुग्णावर व घरच्यांवर येते.

गोळी काय काम करते?
सीएमएलमध्ये 9 आणि 22 क्रमांकाच्या गुणसूत्रांचे तुकडे एकमेकांत अदलाबदल होतात. त्यातून तयार होणाऱ्या सदोष प्रथिनामुळे पांढऱ्या पेशी बेसुमार वाढतात. इमॅटिनिब हे प्रथिन रोखते. अमेरिकेत 2001 मध्ये या औषधाला मान्यता मिळाली. भारतात त्याच्या जेनेरिक गोळ्या मिळतात.

कशी घ्यावी?
सुरुवातीच्या टप्प्यातील मोठ्या माणसांना साधारणपणे दिवसाला 400 मिलिग्रॅम डोस दिला जातो. पण प्रत्येकाचा डोस डॉक्टरच ठरवतात. गोळी रोज ठरलेल्या वेळी, जेवणासोबत आणि मोठा ग्लास भरून पाण्याबरोबर घ्यावी. रिकाम्या पोटी घेतल्यास मळमळ वाढते. उपवास असला तरी गोळी चुकवू नये, फराळासोबत घ्यावी.

गोळ्या 100 आणि 400 मिलिग्रॅम अशा दोन्ही येतात. दुकान किंवा कंपनी बदलली की पाकिटावरचा आकडा वाचूनच घ्या. 400 च्या जागी 100 ची एकच गोळी घेतली, तर औषध पाव भागच पोटात जाते.

डोस चुकला तर?
त्याच दिवशी आठवल्यास काहीतरी खाऊन गोळी घ्यावी. दुसऱ्या दिवशीची वेळ झाली असेल तर चुकलेली गोळी सोडून द्यावी. दोन दिवसांच्या गोळ्या एकदम घेऊ नयेत. उलटी झाली तरी आपल्या मनाने पुन्हा गोळी न घेता डॉक्टरांना फोन करावा.

कशासोबत जपून?
टीबीवरील रिफाम्पिसिन, फिट्सवरील फेनिटोइन व कार्बामाझेपिन यांमुळे इमॅटिनिबचा असर कमी होतो. काही अँटिबायोटिक आणि बुरशीवरच्या गोळ्यांनी रक्तातले प्रमाण वाढते. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर तेही सांगावे. ग्रेपफ्रूट टाळावे, त्याच जातीतले पपनसही टाळलेलेच बरे. काढे, जडीबुटी डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोत. ताप आला म्हणून परस्पर पॅरासिटामॉल घेत बसू नये; पांढऱ्या पेशी कमी झाल्याने तो जंतुसंसर्गाचा ताप असू शकतो.

त्रास कोणते?
डोळ्यांभोवती सूज, पायात गोळे येणे, मळमळ, जुलाब, अंगावर पुरळ हे त्रास बऱ्याच जणांना होतात. त्यावर उपाय असतात, म्हणून गोळी बंद न करता डॉक्टरांना सांगावे. पण ताप, दम लागणे, झपाट्याने वजन वाढणे, डोळे पिवळे होणे, काळी शौच किंवा रक्तस्राव दिसल्यास त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

महिलांसाठी
उपचार सुरू असताना गर्भधारणा टाळावी, कारण बाळाला धोका असतो. या काळात अंगावर दूध पाजू नये. दिवस गेल्याची शंका आली तरी लगेच डॉक्टरांना कळवावे.

तपासणी आणि खर्च
सुरुवातीला रक्ततपासणी दर आठवड्याला, नंतर अंतराने होते. ‘बीसीआर-एबीएल’ ही तपासणी साधारण दर 3 महिन्यांनी करतात. आजार खरोखर आटोक्यात आहे का, हे तिच्यातूनच कळते. पानथरी कमी झाली, अंगात ताकद आली, साधा रिपोर्ट नॉर्मल आला, तरी आजार मुळापासून गेला असे नसते. खाडे झाल्यास आजार उलटू शकतो आणि पुढे गोळी लागू पडेनाशी होऊ शकते. काही वर्षे उत्तम रिपोर्ट असलेल्या निवडक रुग्णांचीच गोळी थांबवून पाहिली जाते, तीही डॉक्टरांच्या कडक देखरेखीखाली.

पैशांअभावी गोळी बंद करण्याची वेळ येत असेल तर पाकीट संपण्याआधीच डॉक्टरांना सांगावे. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेतून मदत मिळेल का, याची योजनेतील रुग्णालयात आरोग्यमित्राकडे चौकशी करावी.

(ही माहिती सर्वसाधारण आहे. डोस बदलण्याचा निर्णय आपल्या डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावा.)