नवलखा हार आणि एक रात्र

बदलापूरहून मुंबईकडे निघालेली लोकल अंबरनाथ सोडून पुढे आली की उल्हासनगर लागते. अंबरनाथचे शिवालय इ. स. १०६० चे, तेथील शिलालेखाने शिलाहार राजा माम्वाणी याचे नाव जतन केले. उल्हासनगरचा जुना वारसा मात्र माणसांच्या स्मरणातून आला. दुसऱ्या महायुद्धातील कल्याणच्या लष्करी छावणीत फाळणीनंतर सिंधमधील निर्वासितांना आसरा मिळाला आणि १९४९ साली त्या वसाहतीचे ‘उल्हासनगर’ असे नामकरण झाले. या लोकांनी घरेदारे मागे टाकली, पण कथा सोबत आणल्या. लीला-चनेसर ही त्यांपैकीच एक.

सूमरा घराण्यातील चनेसर हा देवलचा अधिपती आणि लीला त्याची लाडकी राणी. एका टोमण्याने डिवचलेली कौंरू नावाची राजकन्या चनेसरला मिळवण्याचा निश्चय करते. आईसह वेष पालटून ती लीलेकडे दासी म्हणून राहते. लीलेला हिऱ्यांचा मोह आहे, हे ओळखून ती आपला नवलखा हार पुढे करते. मोबदला एकच : चनेसरसोबत एक रात्र. लीला कबूल होते. मद्यधुंद चनेसरला रात्री काहीच उमगत नाही. सकाळी मात्र आपल्याच पत्नीने आपला सौदा केल्याचे त्याला कळते. तो लीलेचा त्याग करतो आणि कौंरूला राणी करतो.

वाचकहो, या कथेत प्रेम करावे असे कोण आहे? लीला लोभी, कौंरू कपटी आणि चनेसर मानी. तरीही शाह अब्दुल लतीफ भिटाई (१६८९-१७५२) या सूफी कवीने आपल्या ‘शाह जो रिसालो’मध्ये लीलेला स्वतंत्र सूर दिला. जर्मन मिशनरी व भाषापंडित अर्न्स्ट ट्रम्प यांनी १८६६ साली लाइपझिग येथे हा रिसालो छापून प्रसिद्ध केला. शाह कथा क्रमवार सांगत नाहीत. श्रोत्यांना ती ठाऊकच असते. त्यांचे लक्ष आहे ते सौद्यानंतरच्या लीलेकडे. ते तिचा अपराध झाकत नाहीत, आणि अपराधापाशी तिला सोडूनही देत नाहीत. पश्चात्तापाने गर्व गळून पडलेली स्त्री त्यांना गाण्यास योग्य वाटली.

लोककथेत लीलेला दुसरी संधी मिळते, पण फार उशिरा. चनेसरचा मंत्री जखरो याचा विवाह लीलेच्या माहेरच्या मुलीशी ठरलेला असतो. चनेसरला सोबत आणण्याच्या अटीवर लीला ते लग्न जुळवून आणते. लग्नात ती चेहरा झाकून नाचते, बोलते. त्या आवाजाने मोहित झालेला चनेसर तिला पदर दूर करण्यास सांगतो. समोर लीला! तो जागीच कोसळतो. त्याच्यामागोमाग तीही प्राण सोडते.

आपल्याकडे वि. स. खांडेकरांनी ‘ययाति’ (१९५९) कादंबरीत पत्नीशी प्रतारणा करणाऱ्या राजालाच बोलते केले. देवयानी आणि शर्मिष्ठा यांनाही आपापली बाजू मांडू दिली. असा नायक अनेकांना रुचत नाही. परंतु त्याच्या तोंडून त्याचे स्खलन ऐकताना वाचक स्वतःकडे वळतो. येथे दोषी पुरुष आहे, तेथे स्त्री. एक भेद मात्र खटकतो. दुसरी राणी करणाऱ्या चनेसरला लोककथा फारसा जाब विचारत नाही. घर गमावते ती लीलाच. ऐतिहासिक प्रेमकथा वाचताना जुन्या काळाचा हा पक्षपात आपण ओळखला पाहिजे.

सद्गुणी नायिकेला क्षमा करण्यात वाचकाचे काहीच खर्च होत नाही. लीलेसारखी नायिका आपल्याकडे काही मागते. चनेसरला बुरख्याआडची अनोळखी स्त्री प्रिय वाटू शकली; तिचे नाव आणि अपराध आठवताच मात्र ते प्रेम त्याला पेलवले नाही. किती घरांत समेटाचा शब्द असाच मानापायी अडून राहतो, आणि अखेर अंत्ययात्रेच्या दिवशी उच्चारला जातो! सिंधूकाठची ही कथा उल्हास नदीच्या काठी आली, ती बहुधा एवढ्याचसाठी ऐकली पाहिजे.