सुतापासून मायक्रॉनपर्यंत : पुण्याच्या ग्राइंडर कामगारांचा इतिहास

१/ पुण्याच्या औद्योगिक इतिहासात कारखानदारांची नावे आढळतात, इंजिनांची आणि मोटारींची वर्णने आढळतात. त्या इंजिनातील दांड्याला अखेरचे माप देणारा ग्राइंडर कामगार मात्र क्वचितच दिसतो. हा धागा त्याच्या कौशल्याविषयी. 🧵

२/ सुतार ‘सुता’त मोजत असे. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, अर्थात ३,१७५ मायक्रॉन. ग्राइंडरला काही मायक्रॉनांच्या मर्यादेत काम करावे लागते. माणसाचा केसच साधारण ७० मायक्रॉन जाड असतो!

३/ एवढी अचूकता कशासाठी? फिरता दांडा आणि बेअरिंग यांच्यामध्ये तेलाचा अत्यंत पातळ थर टिकावा लागतो. फट कमी पडली तर दांडा अडकतो, वाढली तर तेलाचा दाब उतरतो. त्यातच पाणी देऊन कठीण केलेल्या पोलादावर लेथचे साधे हत्यार चालत नाही. म्हणून शेवटचा थर कृत्रिम कुरुंदाच्या वेगवान चाकाने घासून काढतात.

४/ १९४६ साली खडकीत किर्लोस्कर ऑइल इंजिन्सचा आरंभ झाला. शेतकऱ्याच्या विहिरीवरील डिझेल इंजिनाचा भरवसा अशाच मापांवर उभा होता. पुढे १९५६ च्या कायद्याने मेट्रिक पद्धत स्वीकारली गेली आणि इंचाच्या हजाराव्या भागात विचार करणाऱ्या कारागिरांना मायक्रॉन आत्मसात करावा लागला.

५/ १९६१ साली शिकाऊ उमेदवारांसाठी कायदा झाला, १९६२ साली एमआयडीसी स्थापन झाली. टेल्को १९६६ साली पुण्यात आली. तिची येथील पहिली व्यापारी गाडी मात्र १९७७ साली बाहेर पडली. मधल्या काळात यंत्रे, साचे आणि कुशल हात घडवण्यावर भर होता. वाहनाआधी कामगार घडवावा लागतो, हे या ११ वर्षांचे सार.

६/ हे कौशल्य नेमके कोणते? बाजारात मडके वाजवून घ्यावे, तसे चाक चढवण्यापूर्वी ठोकून ऐकायचे. खणखणीत नाद आला तर चाक निकोप. बद्द आवाज म्हणजे तडा. तडा गेलेले चाक वेगात फुटले तर जिवावर बेतते.

७/ उष्णतेचे भानही हवे. १०० मिलिमीटर व्यासाचा पोलादी दांडा १० अंशांनी तापला, तर व्यास सुमारे ११ मायक्रॉनांनी वाढतो. गरम असताना बरोबर भरलेले माप थंड झाल्यावर कमी भरते, आणि घासून गेलेला धातू पुन्हा जोडता येत नाही.

८/ पुढे सीएनसी यंत्रांनी चाक पुढे-मागे सरकवण्याचे काम स्वतःकडे घेतले. चाकाची निवड, जळालेल्या पृष्ठभागाची पारख आणि बदललेल्या आवाजाचा अर्थ लावणे, हे अजूनही अनुभवी माणसाकडे येते.

९/ कारखान्यांचे आराखडे कागदावर असतात. कानाचे आणि बोटांचे ज्ञान निवृत्त कामगारांबरोबर घरी जाते. त्यांच्या मुलाखती नोंदवल्या गेल्या नाहीत, तर पुण्याच्या यंत्रयुगाचा इतिहास केवळ मालकांचा आणि यंत्रांचा उरेल.