हॉस्पिटलमधल्या पिवळ्या, लाल पिशव्या कशासाठी? १५ किलो घातक कचरा १०० किलो कसा होतो?

रुग्णालयातला सगळाच कचरा घातक असतो, असा अनेकांचा समज असतो. प्रत्यक्षात जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार त्यातला साधारण ८५ टक्के कचरा घरातल्या कचऱ्यासारखाच असतो. त्यात कागद, खोकी, वेष्टने आणि उरलेले अन्न असते. संसर्गजन्य, विषारी किंवा किरणोत्सारी असू शकतो तो साधारण १५ टक्केच.

समजा, एका रुग्णालयात दिवसाला १०० किलो कचरा निघतो. रक्ताने भिजलेला कापूस जेवणाच्या उरलेल्या ताटांत पडला, तर ते अन्नही संसर्गजन्य धरावे लागते. असे सर्रास होऊ लागले, की १५ किलोऐवजी १०० किलोंवर महागडी प्रक्रिया करावी लागते. म्हणूनच कचरा जिथे तयार होतो, तिथेच तो वेगळा करणे महत्त्वाचे ठरते.

कोणत्या रंगात काय?

भारतात यासाठी जैव वैद्यकीय कचरा व्यवस्थापन नियम, २०१६ लागू आहेत.

- पिवळा: शरीराचे काढलेले भाग, रक्ताळलेले ड्रेसिंग, प्लॅस्टर, मुदत संपलेली औषधे. यातला बहुतेक कचरा भट्टीत जाळला जातो.
- लाल: सलाईनच्या नळ्या, कॅथेटर, लघवीच्या पिशव्या, सुई काढलेल्या सिरिंज, हातमोजे. वाफेने निर्जंतुक करून याचे तुकडे करतात आणि प्लास्टिक पुनर्वापरासाठी जाते.
- पांढरा: सुया, ब्लेड. यासाठी टोचून फाटणार नाही असा डबा लागतो.
- निळा: औषधांच्या काचेच्या बाटल्या, धातूचे इम्प्लांट.

चूक झाली तर काय होते?

लाल पिशवीतली पीव्हीसीची नळी पिवळ्या पिशवीत गेली, तर ती जाळली जाते. क्लोरीन असलेले प्लास्टिक जळताना डायॉक्सिन आणि फ्युरान हे विषारी घटक तयार होऊ शकतात. शिवाय पुन्हा वापरता आले असते, ते प्लास्टिक वाया जाते.

साध्या पिशवीत टाकलेली सुई सफाई कामगाराच्या हाताला टोचू शकते. त्यातून हेपटायटिस बी, हेपटायटिस सी आणि एचआयव्हीचा धोका असतो. वापरलेल्या सिरिंज पुन्हा बाजारात आल्या, तर धोका रुग्णांपर्यंत पोहोचतो. २००९ मध्ये गुजरातमधील मोडासा भागात वापरलेल्या सिरिंजमुळे हेपटायटिस बीची मोठी साथ पसरली आणि अनेकांचा मृत्यू झाला.

कचरा मुळातच कमी कसा होईल?

शस्त्रक्रियेआधी सगळे साहित्य उघडून ठेवले, की न वापरलेलेही अनेकदा फेकावे लागते. त्यामुळे ‘लागेल तेव्हाच पाकीट उघडा’ हा साधा नियम उपयोगी पडतो. एकदाच वापरायच्या गाऊनऐवजी धुऊन निर्जंतुक करता येणारे कापडी गाऊन वापरता येतात. जवळच्या मुदतीची औषधे आधी वापरली, तर पिवळ्या पिशवीचे वजन घटते. मात्र सुईसारखी एकदाच वापरायची वस्तू पुन्हा वापरणे ही बचत नव्हे, ते धोकादायक आहे.

आपण काय करू शकतो?

रुग्णाला भेटायला गेल्यावर फळांची साले, चहाचे कप रंगीत डब्यांत न टाकता साध्या कचऱ्याच्या डब्यातच टाकावेत. घरी इन्सुलिन घेणाऱ्यांनी वापरलेल्या सुया जाड प्लास्टिकच्या झाकणबंद डब्यात साठवाव्यात. डबा घरच्या कचऱ्यात न मिसळता वेगळा द्यावा. तो कुठे द्यायचा, हे पालिकेच्या कचरा विभागाकडे किंवा जवळच्या रुग्णालयात विचारता येते.