ढाल चावणाऱ्यांच्या नावेत

साल 872 च्या आसपासचं. नॉर्वेच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावर, आजच्या स्टाव्हांगर शहराला लागून असलेल्या हाफर्सफ्योर्डच्या खाडीत तुम्ही हाराल्ड राजाच्या नावेवर चढला आहात. डांबराचा आणि ओल्या लोकरीचा वास नाकात बसलाय. समोरून शत्रूच्या नावा जवळ येतायत. नाळीवर, म्हणजे नावेच्या पुढच्या टोकावर, जिथे पहिला घाव बसायचा, तिथे लांडग्याची कातडी पांघरलेले गडी उभे आहेत. चिलखत कुणाच्याच अंगात नाही. सरका त्यांच्या शेजारी. इथवर आलात ते एकाच कामासाठी: लढाईआधी हे लोक काय खातात ते बघायला.

लाल टोपीचं, पांढऱ्या ठिपक्यांचं ते भूछत्र तुम्ही मुलांच्या चित्रपुस्तकांत पाहिलेलं आहे. फ्लाय अगॅरिक त्याचं नाव. इथल्या बर्च आणि पाइनच्या झाडांखाली ते उगवतं, म्हणजे मिळण्याची अडचण नाही. तेच खाऊन हे ‘बर्सर्क’ बेभान होत, असं तुमच्या वाचनात आलेलं आहे.

आता डोळे उघडे ठेवा. शेजारचा गडी ढालीची कड दातांत धरतो. कडेला शिवलेलं चामडं करकरतं, लाळ दाढीवरून ओघळते. मागचा एक जण घशातून गुरगुरतो, दुसरा त्याच्यात सूर मिसळतो आणि बघता बघता अख्खी नाळ डरकाळ्यांनी दणाणते. तुमच्याही अंगावर काटा येतो, कानशिलं तापतात, हात आपोआप मुठी वळतात. आणि तुम्ही तर सकाळपासून घोटभर पाण्याशिवाय काहीच घेतलेलं नाही!

समजा, त्या गड्याने आत्ता कमरेच्या पिशवीतून वाळलेलं भूछत्र काढून तोंडात टाकलं. परिणाम दिसायला अर्धा तास ते दोन तास लागतात. आधी मळमळ, मग घाम, कधी उलटी. स्नायू फडफडतात, तोल जातो. भास होतात हे खरं, पण यातलं मुख्य द्रव्य मस्किमॉल मेंदूवर गुंगीच आणतं. ओल्या फळ्यांवर, हलत्या नावेत, हातात कुऱ्हाड घेऊन असा माणूस आघाडीला उभा करायचा? आणि शत्रू नेमका कधी भिडणार याचा हिशोब धरून त्याला ते खायला घालायचं? इतकं काटेकोर वेळापत्रक कुठल्या सरदाराला जमलं असतं!

या लढाईवर हाराल्डच्या दरबारातला कवी थोर्ब्यर्न हॉर्नक्लोफी काव्य रचणार आहे. त्यात बर्सर्कांच्या डरकाळ्या येतील, लांडग्याच्या कातड्यातल्या वीरांचं केकाटणं येईल, रक्ताळलेल्या ढालीही येतील. भूछत्र मात्र कुठेच येणार नाही.

शंभरेक वर्षं पुढे या. डेन्मार्कमधलं फ्युरकाट, साल 980 च्या सुमारास. वर्तुळाकार किल्ल्याबाहेर एका स्त्रीला गाडीच्या साट्यात ठेवून पुरतायत. तिच्या सोबतच्या वस्तूंमध्ये वाकून बघा: मूठभर बारीक बिया आहेत. आपल्याकडे काष्ठौषधीच्या दुकानात जिला खुरासानी ओवा म्हणतात, त्याच विषारी वनस्पतीच्या. 2019 मध्ये कार्स्टन फातूर या अभ्यासकाने बर्सर्कांच्या वेडाचं श्रेय भूछत्राकडून काढून या वनस्पतीला दिलं. वेदना बधिर होणं, समोरचा माणूस न ओळखणं, चवताळणं ही लक्षणं तिच्याशी जास्त जुळतात, हे त्यांचं म्हणणं वजनदार आहे. पण बिया सापडल्या त्या एका स्त्रीच्या थडग्यात; अभ्यासक तिला भविष्य सांगणारी मानतात. व्हायकिंगांना ही वनस्पती माहीत होती एवढं यातून कळतं. योद्धे ती खात होते, हे कळत नाही.

आणखी पुढे, तेराव्या शतकातलं आइसलँड. स्नोरी स्टुर्लुसन हा इतिहासकार जुन्या कथा लिहायला बसलाय. ओडिन देवाचे लोक चिलखताशिवाय लढत, पिसाळलेल्या कुत्र्यांसारखे वा लांडग्यांसारखे होत, ढाली चावत. त्यांना ना आग बाधे, ना लोखंड. हे सगळं तो ओडिनच्या खाती टाकतो. इथला कायदाही वाचून घ्या: जो बर्सर्क होईल त्याला तीन वर्षांची हद्दपारी, आणि हजर असूनही जे त्याला आवरणार नाहीत त्यांनाही तीच शिक्षा. काय खाल्लं होतं याची चौकशी हा कायदा करत नाही.

मग भूछत्र आलं कुठून? त्यासाठी 1784 मध्ये, स्वीडनमध्ये उतरा. सामुएल ओडमान या पाद्री आणि निसर्ग-अभ्यासकासमोर सैबेरियातल्या प्रवाशांची वर्णनं आहेत. तिकडचे लोक फ्लाय अगॅरिक खाऊन नशा करतात, हे त्यात त्याला सापडतं. तिकडची नशा आणि इकडच्या सागा, म्हणजे जुन्या वीरकथा, यांची तो गाठ मारतो. हाफर्सफ्योर्डची लढाई होऊन तोवर नऊशे वर्षं उलटलेली आहेत. पुढे 1968 मध्ये गॉर्डन वॉसन या भूछत्र-अभ्यासकाने ऋग्वेदातला सोम म्हणजे हेच भूछत्र, असं मांडलं. गूढ जुनं असलं, की लाल टोपी तिथे चपखल बसते!

आता परत या आणि निकाल लावा. त्या काळाचा एकही साक्षीदार भूछत्राचं नाव घेत नाही, आणि त्यातल्या द्रव्याचा गुण लढाईला मारक आहे. मरणाची भीती, सोबत्यांच्या डरकाळ्या, ओडिनवरची श्रद्धा आणि आपल्याला सगळे घाबरतात याची नशा, एवढ्यावर माणूस ढाल चावू शकतो. पुढच्या वेळी कुणी छातीठोकपणे भूछत्राची गोष्ट सांगू लागला, तर त्याला 1784 च्या आधीचा एक पुरावा मागा.